मंडईआधीचे पाहुणे

छुई माती शेवटपर्यंत एकाच हाताने लावावी लागते. मध्ये हात बदलला की भिंतीवर पट्टा उमटतो, आणि तो पुढच्या वर्षापर्यंत दिसत राहतो. म्हणून सुशीलाबाई हे काम दुसऱ्या कोणाला देत नसे. रात्रभर भिजवलेली पांढरी माती ती सकाळी फडक्यातून गाळून घेई, आणि तेलाच्या रिकाम्या पिंपावर उभी राहून ओल्या पोतेऱ्याने वरून खाली भिंत पोतारत येई. घराच्या पुढच्या सपरीच्या, म्हणजे बंद पडवीच्या, दोन भिंती पांढऱ्या झाल्या होत्या. उरलेल्या दोन अजून धुराच्या रंगाच्या होत्या.

दिवाळी होऊन गेली होती. पण तलावाच्या पाळीखाली वसलेल्या या गावात खरी सजावट मंडईसाठी होते. दिवाळीनंतर या भागातल्या प्रत्येक गावाची मंडई वेगळ्या दिवशी भरते. त्या दिवशी चौकात दुकाने लागतात, रात्री नाटक होते, आणि घरोघर बाहेरगावचे पाहुणे असतात. मंडईच्या दिवशी ज्याची सपरी रिकामी, त्याच्या घरात काहीतरी बिनसले आहे असे लोक धरून चालतात.

यंदा सुशीलाबाईकडे आमगावचे पाहुणे यायचे होते. तिची मुलगी निशा आमगावला दिलेली होती आणि तिला सातवा महिना होता. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही रीत. परंतु निशाच्या सासूने, नंदाबाईने, डोहाळजेवणाच्या दिवशीच सगळ्यांसमोर सांगून टाकले होते.

"रीत मले मालूम आहे, इहीनबाई. पन आमगावात दवाखाना गल्लीच्या तोंडावर आहे. तुमच्याकडं पोरीले पाह्यन कोन? मंडईले येतो, घर पाहतो, मंग सांगतो."

सुशीलाबाईची आई लवकर गेली होती. तिची स्वतःची दोन्ही बाळंतपणे सासरी झाली होती. त्याविषयी ती कधी बोलत नसे. पण यंदा छुई आणायला ती गावातल्या सगळ्या बायकांच्या आधी खाणीवर गेली होती. सपरीत निशासाठी नवी निवार विणलेली बाज टाकायची, मोरीला दार बसवायचे, चुलीजवळचा काळा कोपरा झाकायचा, असे तिने मनात ठरवून ठेवले होते. घर पाहायला येणाऱ्या बाईला घर बसलेले, निवांत, माणसाला वेळ देऊ शकणारे दिसले पाहिजे होते.

अडचण तारखेने केली. मंडई मंगळवारची ठरली होती. नाटक मंडळीने ऐनवेळी मंगळवार दुसऱ्या गावाला दिल्यामुळे पंचांनी ती गुरुवारवर नेली. सगळ्या नातेवाइकांना फोन गेले. आमगावला गेला नाही.

"बाबा, मी आत्ताच लावतो," भूपेंद्र म्हणाला होता. सुकराम आणि सुशीलाबाईचा हा मुलगा नवेगावच्या जंगलात पर्यटकांची जिप्सी चालवी. कापणीसाठी तो सुट्टी घेऊन घरी आला होता. "मंगळवारची मंडई गुरवारले गेली, एवढंच तं सांगाचं आहे."

"आत्याले लाव, मामाले लाव," सुकराम म्हणाला. "इवायाले फोनवर आवतन देते का कोनी? सुपारी घेऊन त्यायच्या दारात गेलो होतो ना मी? मंग बदल सांगालेबी दारातच जा लागन."

"मंग निशाले तरी सांगू द्या."

"तिच्या तोंडून त्यायले समजलं तं आनखीच वाईट. म्हनतीन, पोरीले आधी सांगितलं अन् आमाले मागून. मी जातो ना. उद्या जातो."

तो उद्या चार-पाच वेळा पुढे गेला. कारण धान होते. सुकरामच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरे, तलावाच्या पाळीला लागून, अगदी खाली. पाळीतून पाझरणारे पाणी तिथे कार्तिकातही जमिनीत असते. हार्वेस्टर त्या चिखलात उतरत नाही. सगळी कापणी विळ्याने करावी लागली. कापलेले धान वाळण्यासाठी कडपांच्या, म्हणजे मुठीमुठींच्या लहान ढिगांच्या, ओळींनी जमिनीवर पसरले होते. सुकराम सोमवारी धुतलेला सदरा घालून, सुपारी खिशात टाकून बसथांब्यापर्यंत गेला. थांब्यावर उभा असताना त्याने दक्षिणेकडचे आभाळ पाहिले. चंद्रपूरकडून आलेला एक ट्रकवाला चहाच्या टपरीवर, तिकडे पाऊस लागला आहे असे सांगत होता. सुकरामने बस सोडली आणि त्याच सदऱ्यात तो बांधीवर परतला.

मंगळवारी सकाळी आभाळ खाली उतरलेले पाहून त्याने शेवटी मुलाला परवानगी दिली.

"लाव फोन. पन आधी माह्याकडून हात जोडजो, मंग सांगजो."

भूपेंद्रने बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून फोन लावला. तो वाजत राहिला.

त्याच वेळी घरापाशी शेजारच्या धुरपताबाईचा आवाज कुंपणावरून आला. धुरपताबाईचा आवाज गावात प्रसिद्ध होता. तिच्या घरचे तलावात मासेमारी करीत, आणि पाण्यावर हाक पोचवायची सवय तिने जमिनीवरही सोडली नव्हती.

"अवो सुशीला! तुह्या दारात मोटार आली वो! उतर खाली!"

सुशीलाबाईने पिंपावरून मान वळवली. पांढऱ्या गाडीतून आधी व्याही दुर्गाप्रसाद उतरले. आमगावात त्यांचे पंप आणि पाइपांचे दुकान होते आणि दुकानाला मंगळवारची सुट्टी असे. त्यांच्या मागून जरीची साडी नेसलेली नंदाबाई, आणि तिचा हात धरून निशा. दुर्गाप्रसादांच्या खिशात फोन वाजत होता. त्यांनी तो कानाला लावला.

"हां भूपेंद्र, बोला. अरे भाई, हम तो तुमच्याच दारात उभे आहोत."

पलीकडून काय बोलणे झाले ते ऐकू आले नाही. दुर्गाप्रसाद ऐकत राहिले, मग त्यांनी चौकाकडे पाहिले. तिथे एकही दुकान लागलेले नव्हते. एक कुत्रे हातपंपाच्या ओट्यावर झोपले होते.

"काय म्हनते?" नंदाबाईने विचारले.

"म्हनते, हात जोडतो."

"कायले?"

"मंडई परसों आहे."

सुशीलाबाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे होते. पदर डोक्यावर घ्यावा तर पदर खराब होणार, नमस्कार करावा तर मातीचे थेंब विहिणीच्या साडीवर उडणार. ती पिंपावरून उतरली आणि हात अंगापासून लांब धरून तशीच उभी राहिली. अंगणात डबे, सुपे, देवघरातल्या तसबिरी, कांद्याची जाळी आणि उलटी घातलेली बाज असा सगळा संसार बाहेर काढून ठेवलेला होता.

"आई, आमाले काऊन नाई सांगितलं?" निशा म्हणाली. तिला हसू येत होते, पण सासू शेजारी असल्यामुळे ती ते ओठांत दाबत होती.

"तुहे बाबा येनार होते सांगाले."

"कवा?"

"उद्या," सुशीलाबाई म्हणाली, आणि पाहुण्यांना बसायला काय द्यावे हे शोधू लागली.

बाज सुलटी केली. तिची जुनी निवार मध्ये झोळीसारखी लोंबत होती. दुर्गाप्रसाद तीत रुतून बसले. नंदाबाई बसली नाही. ती सपरीच्या उंबऱ्यात उभी राहून आत पाहत होती: अर्ध्या पांढऱ्या भिंती, चुलीजवळचा काळा कोपरा, मोरीला दाराऐवजी लावलेले पोते. सुशीलाबाईला जे जे झाकायचे होते ते ते एका नजरेत उघडे पडले होते. चहा मांडायला गेली तर दूध नव्हते. म्हैस आटली होती आणि डेअरीची गाडी येऊन गेली होती.

ती काही बोलण्याआधी धुरपताबाई कुंपणाची फट ओलांडून पितळी तांब्या घेऊन आत आली.

"घे. शेळीचं आहे, पन चहाले चालते. आमगाववाल्यायले वास येईन तं आलं टाकजो जास्त." मग तिने नंदाबाईकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "साडी बेस आहे बाप्पा. मंडईले नेसाची होती ना?"

"मंडईलेच नेसली होती," नंदाबाई कोरडेपणाने म्हणाली.

एवढ्यात सुकराम आणि भूपेंद्र बांधीवरून आले. सुकरामच्या पोटऱ्यांवर चिखल वाळला होता. त्याने व्याह्यांसमोर हात जोडले, चूक झाली म्हणून सांगितले, आणि समोरच्या पाटावर पाठ ताठ करून बसला. आता रिवाजाप्रमाणे त्याने पाहुण्यांजवळून उठायचे नव्हते. चहा झाला. पाऊसपाण्याचे बोलणे निघाले आणि लगेच सोडून दिले गेले, कारण पाऊसपाणी सगळ्यांच्या डोक्यावर होते. वाऱ्याने अंगणातले सूप उलटले. भूपेंद्र उभा राही, पुन्हा बसे. सुकराम व्याह्यांना पाइपांचे भाव विचारीत होता.

धुरपताबाई गेली नव्हती. ती दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती.

"सुकराम गा, पाइप टाकून तुले लंकेत पानी न्याचं आहे का? आभाळ पाह्य! खालची सारी बांधी पडली आहे ना तुही!"

"होईन," सुकराम तिच्याकडे न पाहता म्हणाला.

"होईन? पान्याले काय सांगतेस, इवाई बसले आहेत, थांब म्हनून?"

नंदाबाईने वळून विचारले, "धान पडून आहे का, इवाई?"

"थोडंसं."

"थोडंसं नाई, सारं आहे," भूपेंद्र म्हणाला.

सुशीलाबाईने पदराच्या टोकाने हात पुसले. भारे बांधायच्या, तणसाच्या पिळलेल्या बंधांची जुडी खुंटीवर होती. ती तिने काढून खांद्यावर टाकली. "इहीनबाई, तुमी निशापाशी बसा. भात मी परत आल्यावर मांडतो," एवढे म्हणून ती पाहुण्यांसमोरून चालू लागली. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने असे कधी केले नव्हते. सुकराम तिच्या पाठीकडे पाहत राहिला, आणि मग तोही उठला.

दुर्गाप्रसादही उठले. त्यांनी बूट काढले.

"नाई, नाई," सुकरामने त्यांच्या वाटेत येऊन हात आडवा धरला. "इवायानं माह्या बांधीत हात लावला हे गावानं पाह्यलं, तं मी मंडईत तोंड कोनाले दाखवू?"

"अरे भाई, मंडई गुरुवारले आहे ना?"

"हो."

"मंग आज आमी पाहुने कहां से? पाहुने परसों आएंगे." त्यांनी सदरा काढून बाजेवर ठेवला आणि बनियनवर बाहेर पडले.

धुरपताबाई तोपर्यंत गल्लीत पोचली होती. तिच्या हाका एकामागून एक ऐकू येत होत्या. कोणाला नावाने, कोणाला नवऱ्याच्या नावाने, कोणाला शिवी देऊन. "छुई मंग लावजा! भिंत पळून जाते का? सुकरामच्या बांधीवर चाला!"

बांधीवर काम ठरल्या क्रमाने चालले. कडपा उचलायच्या, लोंब्या एका बाजूला येतील असा त्यांचा गठ्ठा करायचा, बंध खालून ओढून गुडघ्याने दाबायचा, पीळ देऊन टोक आत खोचायचे. भारे तयार झाले की धुऱ्यापलीकडच्या उंचवट्यावर न्यायचे. तिथे सुकराम पुंजणे, म्हणजे भाऱ्यांची गंजी, रचत होता. पुंजण्याचा तळ रुंद हवा आणि भाऱ्यांचे बुडखे बाहेर, लोंब्या आत. असे रचले तर पाणी बाहेरच्या बाहेर उतरते. सुकराम या रचनेत इतर कोणाला हात लावू देत नसे. भूपेंद्र दोन-दोन भारे डोक्यावरून आणीत होता. ओल्या जमिनीत पाय घोट्यापर्यंत जात होते, आणि प्रत्येक पाऊल उपसताना आवाज होत होता.

गल्लीतली माणसे येऊ लागली. पुष्कळांचे हात पांढरे होते; एक बाई केसांना फडके बांधून तशीच आली होती, एका म्हाताऱ्याच्या कानावर चुन्याचा ठिपका होता. जो तो एक ओळ धरून वाकला.

दुर्गाप्रसादांनी बांधलेला पहिला भारा उचलताच सुटला आणि धान त्यांच्या पायावर पडले.

"इवाई," कानावर चुना लागलेला उदाराम म्हणाला, "हा धानाचा भारा आहे. गिऱ्हाइकाची पुडी नाई. गुडघा द्या, गुडघा!"

"तीस साल झाले गा. हात विसरला."

"हात नाई विसरत. पोट मंधात येऊन राह्यलं."

हसणे ओळींवरून पुढे गेले. सुकराम मात्र हसला नाही. व्याही चिखलात गुडघा टेकून बसलेले त्याला पाहवत नव्हते. तो त्यांच्याकडे पाठ करून भारे लावत राहिला.

नंदाबाई धुऱ्यावर आली तेव्हा तिच्या हातात पाण्याची घागर होती. निशाला पडायला सांगून ती आली होती. घागर तिने खाली ठेवली. जवळच्या ओळीतल्या बाईला तिने विचारले, "तुमाले यायनं बोलावलं होतं का?"

"बोलवाले कायले लागते? माहंबी धान पडून आहे. पन पानी आधी इथंच भरते. ही बांधी खालची."

नंदाबाईने जरीच्या साडीचा काचा मारला. ती मूळची अर्जुनीकडच्या एका खेड्यातली होती. लग्नानंतर बरीच वर्षे ती कोणत्याही बांधीत उतरली नव्हती. पहिले दोन भारे तिला जड गेले. तिसऱ्यापासून बंध आपोआप पिळला जाऊ लागला. ती सुशीलाबाईच्या शेजारच्या ओळीत होती. काही वेळाने ती पुढे गेली, आणि सुशीलाबाईला ते दिसले.

"दमानं घ्या, इहीनबाई," सुशीलाबाई म्हणाली.

"तुमीच मांगं राह्यल्या."

दोघींनी मग वर पाहिले नाही. पावसाचे पहिले थेंब मोठे आणि लांब लांब पडले. पुंजण्यावर ताडपत्री ओढून तिच्या कडांवर दगड ठेवले जात असतानाच सर आली. पाळीला चिकटलेली शेवटची लहान बांधी राहिली. तिच्यातल्या कडपा डोळ्यांदेखत भिजून जमिनीला चिकटल्या. बाकी सगळे धान पुंजण्यात होते.

धुऱ्यावरून धावत येताना नंदाबाई एकदम थांबली.

"माय वो! निशा एकटी आहे घरी!"

मघापासून ते कोणाच्याच लक्षात आले नव्हते. सुशीलाबाईच्याही नाही. दोघी विहिणी चिखलातून, पदर डोक्यावर धरून धावल्या.

निशा एकटी नव्हती. बाज सपरीत आत ओढून घेतली होती. अंगणातला सगळा संसार कोणीतरी सपरीत आणून रचला होता. धुरपताबाई बाजेच्या पायथ्याशी बसून निशाच्या सुजलेल्या पायांना तेल चोळत होती. चुलीवर भात शिजून खाली उतरवलेला होता, लाखोळीच्या डाळीला उकळी येत होती.

"पाय पाहा पोरीचे," ती दोघींकडे न वळता म्हणाली. "मोटारीत लटकवून आनले आमगाववरून. अन् मोठी साडी नेसून बांधीत कोन गेली, तं सासू!"

जेवणे सपरीतच झाली. भात, लाखोळीची डाळ, भाजलेल्या वांग्याचे भरीत. गोडाचे काही नव्हते. सुकरामने व्याह्यांच्या पानात दोनदा भात वाढला आणि दोन्ही वेळा "गोड नाई काई" असे म्हणाला. दुर्गाप्रसाद भुकेले होते. ते खाली मान घालून जेवले. नंदाबाई सुशीलाबाईचे सुती लुगडे नेसून बसली होती. तिने काही मागितले नाही, काही नाकारले नाही.

पाऊस उघडल्यावर ती निघाली. निशाला तिने गाडीत आधी बसवले. मग सुशीलाबाईला बाजूला घेतले.

"राग नोका मानू. मी घर पाहाले आली होती, पाह्यलं. तुमी बांधीत, इवाई बांधीत, पोरगा जंगलात. कापनी झाली का मळनीचा चुरना, चुरना झाला का लाखोळी काढाची. पोरीले पाहाले या घरात मानूस कोन आहे?"

जे विचारले होते ते खरे होते.

"घेऊन जातो मी तिले," नंदाबाई म्हणाली.

गाडी गेल्यावर सुशीलाबाईने उरलेली छुई पुन्हा ढवळली. दिवेलागणीपर्यंत तिने तिसरी भिंत पोतारली. पिंप धरून उभा असलेला सुकराम म्हणाला, "फोन करू देला असता तं बरं झालं असतं."

"फोन केला असता तं घर झाकलं असतं आपुन," सुशीलाबाई म्हणाली. "घरात मानसं तेवढीच राह्यली असती." मग ती म्हणाली, "पिंप सरकवा."

बुधवारी बाप-लेकांनी भिजलेल्या बांधीतल्या कडपा उलथून धुऱ्यावर पसरल्या. सुशीलाबाईने चौथी भिंत संपवली, अंगण सारवले, मोरीला दार बसवून घेतले. दार आता कोणासाठी, असे सुकरामने विचारले नाही. संध्याकाळी ती सुवाऱ्यांची, म्हणजे पुऱ्यांची, कणीक मळायला बसली. आत्या येणार होत्या, मामा येणार होते. हात चालवणे भाग होते. मळता मळता तिला आठवले की मंगळवारी बांधीवर आलेल्या लोकांपैकी एकालाही तिने चहा दिला नव्हता. आभार असे कोणी या गावात तोंडाने मानत नाही. मानले तर समोरचा, तुझी तब्येत बरी आहे ना, असे विचारतो.

गुरुवारी मंडई भरली. चौकात फुगे, बांगड्या, लोखंडी तवे, जिलेबीच्या कढया. सुकरामची सपरी आत्या-मामांनी आणि त्यांच्या पोरांनी भरून गेली. धुरपताबाईकडे त्याहून जास्त पाहुणे होते. तिच्या अंगणात बसायला जागा नव्हती आणि तिचा आवाज लाउडस्पीकरच्या वर चढून येत होता. दुपार कलल्यावर एक ऑटो गर्दीतून हॉर्न वाजवत आत आला. त्यातून नंदाबाई उतरली, मग निशा, मग एक मोठी बॅग.

सुशीलाबाईचे हात आज स्वच्छ होते. तिने पदर डोक्यावर घेतला, वाकून नमस्कार केला, पाय धुवायला पाणी दिले. नंदाबाई पांढऱ्या भिंतींकडे पाहत सपरीत फिरली. मोरीचे नवे दार तिने एकदा उघडून पाहिले आणि लावले.

"परवाच बरं दिसत होतं," ती म्हणाली.

मग तिने निशाची बॅग बाजेखाली सरकवली.

"पोरीले ठेवून जातो मी."

सुशीलाबाईने निशाकडे पाहिले. निशा बाजेवर बसून पाय वर घेत होती. तिला हे वाटेतच माहीत झालेले असावे.

"पन मानूस नाई म्हनत होत्या तुमी…"

"म्हनली होती. अन् घरी जाऊन इचार केला. आमगावात माह्या घराच्या दोन्ही बाजूनं दुकानं आहेत. शटर पडलं का हाक मारली तरी ऐकाले कोनी नाई. पोरगा रातीले येते, मी दुकानात हिशोबाले बसतो. परवा सुनेले एकटी टाकून मी धान बांधत बसली, बाई. मले सुद राह्यली नाई. तुमालेबी नाई राह्यली. राह्यली कोनाले?" तिने कुंपणापलीकडे बोट दाखवले. "ते तुमची लागते कोन?"

"कोनी नाई. शेजारीन आहे."

"तं मी तुमच्या भरवशावर नाई ठेवून राह्यली. तिच्या भरवशावर ठेवून राह्यली. राग आला तं येऊ द्या."

राग आला की नाही हे सुशीलाबाईला नीट समजले नाही. चेहरा तापला एवढे खरे. ज्या घरासाठी तिने खाणीवर सगळ्यांच्या आधी जाऊन माती आणली, ते घर विहिणीने मोजलेच नव्हते. ती मागच्या दाराने सांदवाडीत, म्हणजे परसात, आली. तिथे तिने डोळे पुसले, आणि कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेली.

धुरपताबाई परसातल्या चुलीपुढे घामाने भिजून सुवाऱ्या तळत होती. कढईतली सुवारी काळी पडायला आली होती.

"धुरपता, चाल. इहीनबाई बोलावून राह्यली तुले."

"मले? कायले? मी का केलं?"

"निशाले ठेवून चालली ते. तुह्याशी बोलाचं आहे तिले."

"ठेवते? मंग ठेव म्हना ना! मले कायले इचारते? घरात वीस पाहुने आहेत, अन् कढई जळून राह्यली. मंग येतो."

"मंग नाई. आत्ता जाय."

"अन् हे कोन तळन? तुहा बाप?"

सुशीलाबाईने तिच्या हातातला झारा घेतला. धुरपताबाईने तिच्याकडे पाहिले. कमरेला पुसलेले हात तसेच धरून ती फटीतून पलीकडे गेली.

सुशीलाबाई पाटावर बसली. करपलेली सुवारी तिने काढून बाजूला टाकली, एक लाकूड चुलीतून मागे ओढले, तेल थोडे निवू दिले. पलीकडून धुरपताबाईचा आवाज, मग नंदाबाईचा, मग दोघींचा एकदम येऊ लागला. आतल्या खोलीतून कोणा अनोळखी पाहुण्याने ओरडून विचारले, "अवो, सुवाऱ्या आनता का नाई?"

"आनतो," सुशीलाबाई म्हणाली, आणि तिने पुढची लाटी पोळपाटावर घेतली.